चावी माझ्या खिशात होती

विश्वास ठेवा, नका ठेवू, मी शपथा घेणार नाही. जे घडलं ते माझ्या सख्ख्या आईच्या घरात घडलं. त्यातलं निम्मं तर माझ्याच हातून घडलं. खोटं सांगून मला काय मिळणार आहे? खरं सांगितलं म्हणून सख्खा भाऊ दोन वर्षं माझा फोन उचलत नाही.

गाव ब्लेनवेन. वेल्समधल्या खाणींच्या खोऱ्याचं अगदी वरचं टोक. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी, दुसरा शनिवार.

वेळ मात्र रात्रीची नाही.

सकाळचे दहा.

भुतं मध्यरात्री येतात म्हणे. येत असतील. आमच्या गल्लीत मध्यरात्रीला कोणी भीत नाही, सगळे दहाला भितात. कारण आमच्याकडचे विजेचे मीटर आधी पैसे भरायचे. अंगठ्याएवढी प्लास्टिकची चावी असते. ती दुकानात न्यायची, पैसे भरायचे, घरी आणून मीटरमध्ये खुपसायची, की वीज. पैसे संपले की अंधार. कंपनी एवढीच दया करते, की रात्री आणि रविवारी तोडत नाही. रात्री पैसे संपले तर सकाळी दहापर्यंत थांबते. दहाच्या ठोक्याला मीटर टक् करतो...

आणि घर गप्प होतं.

म्हणून पावणेदहाला गल्लीतल्या सगळ्या किटल्या एकदम उकळत असतात. कोणी थर्मास भरतं, कोणी गरम पाण्याची पिशवी भरतं, म्हातारी माणसं पिशवी पोटाशी धरून पुन्हा अंथरुणात शिरतात. आम्ही लहानपणापासून हे बघत आलोय. दहाच्या आत उरकून घे, हे आमच्याकडे आया मुलांना सांगतात.

माझी आई ओल्वेन. वय एकोणऐंशी, तब्येत काटक, जिभेला हाड नाही. गल्लीतल्या सर्वांत वरच्या घरात एकटी राहायची. त्या उंचीवर गॅसची लाइन कधी आलीच नाही. आधी कोळशाची शेकोटी होती. मग कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, माणसांनी येऊन धुराडं विटांनी बुजवलं आणि भिंतीला विजेचा हीटर ठोकून दिला. आई म्हणायची, "बाप कोळसा काढून मेला, नवरा कोळसा काढून मेला, आणि मी कोळशाच्या डोंगरावर बसून बटण दाबते. ह्याला म्हणतात सुधारणा."

बटण ती फारसं दाबायचीच नाही. मी गेले की हीटर लावायचा, मी वळले की बंद. अंगावर दोन स्वेटर, त्यावर बाबांचा जुना कोट. मी रागावले की म्हणायची, "मी काय पाव आहे का भट्टीत घालायला?"

शेकोटी गेली तरी निखारे ढवळायची लोखंडी सळई तिने टाकली नव्हती. तिचं काम वेगळंच होतं. आमची घरं एकाला एक चिकटलेली, धुराड्याची भिंत दोन घरांत सामाईक. त्या भिंतीवर सळईने ठोकलं की शेजारी स्वच्छ ऐकू जातं. शेजारी एम्लिन काका राहायचे. बाबांबरोबर खाणीत होते, छातीत कोळशाची धूळ, तासभर खोकून मग एक वाक्य बोलणार. दोघांचं ठरलेलं होतं. सकाळी एक ठोका, म्हणजे उठले, जिवंत आहे. दोन ठोके, म्हणजे चहाला या.

तीन म्हणजे... धावत या.

तीन ठोके तिने आयुष्यात एकदाच दिले होते, बाबा गेले तेव्हा.

मी खाली मोठ्या गावात राहते, बसने पंचवीस मिनिटं. वृद्धाश्रमात कामाला आहे. दुसऱ्यांच्या आयांना उबेत ठेवायचा पगार घेते. चोवीस डिग्रीच्या खाली पारा गेला तर आम्हाला मेमो मिळतो.

आईची चावी भरायचं काम माझं. दुकान खाली बसस्टॉपजवळ, चढ आईच्या गुडघ्यांना झेपत नसे. दर गुरुवारी मी तिच्या मीटरमधून चावी काढून घ्यायचे आणि शुक्रवारी पगार झाला की मेरियलच्या दुकानात भरून वर नेऊन द्यायचे. मीटरमध्ये आधीचे पैसे असतील तर चावी नसली तरी वीज चालते. एका रात्रीचा तर प्रश्न. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

त्या गुरुवारी मीटरवर चार पौंड होते. मी माझ्या डोळ्यांनी बघितले.

शुक्रवारी चावी भरली आणि बाहेर आले तर बर्फ सुरू. आमच्याकडे बर्फ नवा नाही, पण तो वेडा बर्फ होता, आडवा येणारा. वर जाणारी बस वाटेत चर्चपाशी थांबली आणि ड्रायव्हर म्हणाला, पुढे जात नाही. तिथून आईचं घर चढाने पाऊण तास. मी निघणार, तेवढ्यात वृद्धाश्रमातून फोन आला. दोघीजणी येऊ शकत नाहीत, तू डबल शिफ्ट कर. नकार दिला तर पुढच्या आठवड्यात शिफ्टच मिळत नाहीत, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मी आईला फोन केला. मीटरवर किती आहेत, विचारलं.

"भरपूर आहेत, नेरिस," ती म्हणाली. "तू ह्या बर्फात वर आलीस तर तंगडं मोडून घेशील, मग मी तुला उचलायची की तू मला? सोमवारी ये. येताना लोणी आण."

ती खोटं बोलतेय हे मला कळलं होतं.

आता हे लिहायला सोपं जातंय. तेव्हा मी स्वतःलाही कळू दिलं नाही. तिचं खोटं माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी ते खरं मानलं आणि परत फिरले.

शनिवारी दुपारी फोन लावला. मेलेला होता. तिचा फोन विजेवर चालणारा, वीज गेली की तोही जायचा. हे मला माहीत होतं. पण बर्फात तारा तुटतातच, असं म्हणून मी शिफ्टवर गेले. रविवारी रस्ता बंद. सोमवारी बर्फ वितळवायला मीठ टाकणारी गाडी वर गेली, तिच्या मागच्या चाकोरीतून मी चालत गेले.

आई खुर्चीत होती. बाबांचा कोट अंगावर, हातमोजे घातलेले, मांडीवर पाण्याची पिशवी. पिशवी दगडासारखी गार.

सळई जमिनीवर पडली होती.

आणि भिंतीवरच्या कागदाला खड्डे पडले होते. एक-दोन नाहीत... वीस-पंचवीस. वरचे खोल होते. खालचे नुसते ओरखडे.

अशा मीटरमध्ये अडीअडचणीसाठी कंपनी पाच-दहा पौंड उधार देते. पण ती उधारी चालू करायलाही चावी मीटरमध्ये घालावी लागते. चावी माझ्या युनिफॉर्मच्या खिशात होती. तीन दिवस. वीस पौंड भरलेली.

यानंतर मी जे केलं ते सांगण्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

मी अँब्युलन्सला फोन केला नाही. आधी जिन्याखालचं कपाट उघडलं आणि चावी मीटरमध्ये घातली. दिवे लागले. फ्रीज घरघरला. मी हीटर लावला, पुन्हा बंद केला. भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्या खड्ड्यांवर टांगलं. सळई कोपऱ्यात उभी केली. मग फोन केला.

डॉक्टर आले, चावी मीटरमध्ये, वीज चालू, वीस पौंड शिल्लक. कागदावर लिहिलं गेलं, हृदय बंद पडलं. माझा भाऊ ग्लिन स्वान्सीहून आला. मीटर बघितलं आणि डोकं धरलं. म्हणाला, पैसे असून लावला नाही हीटर, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, शेवटी खरं करून दाखवलं.

मी गप्प राहिले.

दफनानंतर चर्चच्या मागच्या खोलीत चहा आणि हॅम सँडविच होतं. तिथेही तेच. मेरियल म्हणाली, बिचारी, पण हात फारच आखडता. एम्लिन काका त्याच आठवड्यात छातीमुळे इस्पितळात होते, नुकतेच घरी आले होते. तेही म्हणाले, ओल्वेन उबेला पैसे देण्यापेक्षा मरण पत्करेल. लोक हसले. आमच्याकडे मयताच्या चहाला हसतात, त्यात वाईट काही नसतं. पण मी भरल्या खोलीत उभी राहून माझ्या आईला कंजूष ठरू दिलं. एकदाही तोंड उघडलं नाही.

घर कौन्सिलचं. रिकामं करायला चार आठवडे मिळाले. ग्लिनने फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. बाबांचं घड्याळ माझ्यासाठी ठेव, बशा कोणाला देऊ नकोस, पडदे धुऊन दे. मी दुपारच्या शिफ्ट घेतल्या आणि रोज सकाळी वर जाऊन आवरू लागले. शनिवारी मात्र दिवसभर ड्युटी, शनिवारी मी तिथे नसायचे.

पहिल्या मंगळवारी काही झालं नाही. झालं ते इतकंच, की हीटर लाल होऊनही खोली तापेना. मी जवळ हात नेला तर चटका बसला. एक पाऊल मागे आले...

तर माझा श्वास मला दिसत होता.

दहा वाजता बल्ब एकदा बारीक झाला आणि पुन्हा मोठा झाला. मीटरवर पैसे होते. मी दार बंद करून बस पकडली.

संध्याकाळी वृद्धाश्रमात एका आजींना औषध देत होते. रुमाल काढायला खिशात हात घातला.

काहीतरी टोचलं.

चावी.

सकाळी मी ती मीटरमध्येच ठेवली होती. पक्की ठेवली होती. तरी मनाची समजूत घातली, की सवयीने काढून घेतली असेल. दुसऱ्या दिवशी वर गेले, चावी मीटरमध्ये घातली, निघताना कपाट उघडून पुन्हा बघितलं. होती.

संध्याकाळी खिशात.

तिसऱ्या दिवशी मी एम्लिन काकांना बोलावलं. कारण काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, एवढी चावी तुम्ही तुमच्या हाताने घाला आणि घराचं कुलूपही तुम्हीच लावा. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं, पण ऐकलं. मी बसमध्ये बसले. हात मुद्दाम खिशाबाहेर ठेवले. चर्चपर्यंत धीर धरला.

मग खिसा चाचपला...

ती होती. आणि इतकी गार, की बोटांना चिकटली.

माझी पाचावर धारण बसली. पण खरं सांगते, भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

त्या सोमवारी काकांनी मला दारातच गाठलं. शनिवारी तू आली होतीस का, म्हणाले. मी नाही म्हटलं. तोंडावरून हात फिरवत ते खोकले, बराच वेळ. मग सांगितलं, की शनिवारी बरोबर दहाला भिंतीवर ठोके पडले. तीन. ते आपल्या किल्लीने दार उघडून आत आले. घरात कोणी नव्हतं. पुन्हा आपल्या घरात जाऊन बसण्याचा त्यांना धीर झाला नाही, टोपी घातली आणि सरळ बस धरून बहिणीकडे गेले, ते रविवारी रात्री परत आले.

पाइपात हवा असेल, मी म्हटलं.

"पोरी, साठ वर्षं मी त्या भिंतीचे ठोके ऐकतोय," ते म्हणाले. "पाइप मला शिकवू नकोस."

पुढच्या शनिवारी मी रजा टाकली. पगार कापला गेला, जाऊ दे म्हटलं. नऊ वाजता वर पोचले. घर जवळपास रिकामं होतं. आईची खुर्ची तेवढी राहिली होती, तिला हात लावायचं धाडस मला झालं नव्हतं. मी भिंतीसमोर जमिनीवर बसले. कॅलेंडर अजून तिथेच होतं, जानेवारीवरच.

पावणेदहाला गल्लीतल्या किटल्या सुरू झाल्या. पातळ भिंतींतून सगळं ऐकू येतं. कुठेतरी कप वाजले. कोणीतरी मुलाला ओरडलं.

दहाला पाच कमी.

दहाला एक.

बल्ब बारीक झाला...

मोठा झालाच नाही. विझला. फ्रीज तर मी कधीच बंद केला होता, तरी काहीतरी थांबल्यासारखं वाटलं. इतकी शांतता, की माझ्या कानातलं रक्त मला ऐकू येत होतं.

मग कॅलेंडरच्या मागून...

ठक्.

ठक्.

ठक्.

कॅलेंडर हललं. भिंतीच्या पलीकडून नाही, अलीकडून कोणीतरी ठोकत होतं. माझ्यापासून हातभर अंतरावर. खुर्चीच्या उंचीवरून.

दार धाडकन उघडलं आणि एम्लिन काका आत आले. पायात एकच बूट. धापा टाकत ते सरळ खुर्चीजवळ गेले आणि रिकाम्या खुर्चीपुढे उभे राहिले. रडत होते. म्हणत होते, मी आलो असतो ओल्वेन, मी इस्पितळात नसतो तर धावत आलो असतो.

ते मला सोसलं नाही. त्या माणसाचा काही दोष नव्हता.

"काका," मी म्हटलं, "हीटर तिने बंद ठेवला नव्हता. वीजच नव्हती. चावी माझ्या खिशात होती. मी सोमवारी येऊन घातली, आणि कोणाला सांगितलं नाही."

मी उठून कॅलेंडर काढलं. त्यांनी ते खड्डे बघितले. एकेका खड्ड्यावर बोट ठेवत खाली आले, ओरखड्यांपर्यंत. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या तोंडावर थुंकेल, आणि थुंकला तर बरंच होईल.

ते हळूच खाली बसले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

मला वाटलं, माझ्या खोटेपणाबद्दल बोलतायत. पण तसं नव्हतं. थांबून थांबून, खोकत त्यांनी सांगितलं. त्या शनिवारी पावणेदहाला, वीज जायच्या आधी, आईने त्यांना इस्पितळात फोन केला होता. तिला दहाला काय होणार ते ठाऊक होतं.

"म्हणाली, नेरिसकडे चावी राहिलीय. तिला कळवू नका, कळलं तर ती वेडी बर्फातून चालत निघेल. तिने विचारलंच तर सांगा, म्हातारी चिक्कू आहे, मुद्दाम लावत नाही हीटर." काकांनी डोळे पुसले. "मी म्हटलं, ओल्वेन, हे बरोबर नाही. ती म्हणाली, त्रेसष्ट सालचा बर्फ बघितलाय मी, सोमवारपर्यंत मला काय धाड भरलीय. आणि मी ऐकलं तिचं. माझ्या उशाशी फोन होता, नेरिस. मी तुला एक फोन करू शकलो असतो."

म्हणून मयताच्या चहाला ते तसं बोलले होते. तिने सांगितलेलं खोटं ते पाळत होते.

आम्ही दोघं त्या गार खोलीत बसून रडलो. ती चढावर माझा पाय मोडू नये म्हणून गप्प राहिली, काका तिच्या शब्दासाठी गप्प राहिले, आणि मी माझ्या कातडीसाठी. तिघांत माझंच गप्प राहणं तेवढं हलकट होतं. थोड्या वेळाने काका मला उठवून त्यांच्या घरी घेऊन गेले, आणि तिथूनही आम्ही लगेच बाहेर पडलो. त्या भिंतीजवळ दोघांनाही थांबवेना.

रविवारी मी चर्चमध्ये उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. माझी आई कंजूष नव्हती, ती माझ्यामुळे गारठून मेली. मेरियल पुढच्या बाकावरून उठून आली, तिने माझा हात धरला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. ग्लिनला फोनवर सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आणि मी तिला दमडीवरून बोललो." फोन ठेवला. तो दिवस आणि आजचा दिवस.

तिला तिचं नाव परत हवं होतं, ते मिळालं, असं मी धरून चालले. चावीही पुन्हा खिशात आली नाही. महिनाअखेर मी घर कौन्सिलला दिलं. एम्लिन काका तर त्या रविवारनंतर लगेचच बहिणीकडे कार्डिफला कायमचे राहायला गेले होते.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

मागच्या हिवाळ्यात मी मेरियलच्या दुकानात उभी होते. एक तरुण मुलगी बाळाला कडेवर घेऊन चावी भरत होती. टेगन तिचं नाव. मेरियलने ओळख करून दिली, ही तुझ्या आईच्या घरात राहते. मुलगी जरा घुटमळली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, त्या घरात कोणी आजारी होतं का.

मी का म्हणून विचारलं.

"शनिवारी दहाला भिंत वाजते," ती म्हणाली. "मला भीती नाही वाटत, ताई, खरंच. बाळ पण झोपून असतं. पण ऐकवत नाही हो."

तीन ठोके ना, मी म्हटलं.

तिने मान हलवली. पहिले तीन, म्हणाली. मग अर्ध्या तासाने पुन्हा तीन. असं दुपारपर्यंत. मग हळू होत जातं. रात्री तर नुसतं खरवडल्यासारखं. रविवारी एखादाच ठोका, कान लावून बसलं तर कळेल इतका. रविवारी चारच्या सुमाराला तोही बंद होतो.

मी मनातल्या मनात हिशेब लावला.

मी आणि काका, दोघंही पहिल्या तीन ठोक्यांनंतर तिथून निघून गेलो होतो. आधीच्या शनिवारी काका एकटे, पुढच्या शनिवारी आम्ही दोघं. पुढचं आम्ही ऐकलंच नव्हतं. काका इस्पितळात आहेत, शेजारचं घर रिकामं आहे, हे आईला ठाऊक होतं. फोनवर ती त्यांच्याशीच बोलली होती. तरी ती दीड दिवस भिंत ठोकत होती. अति थंडीत माणसाचं भान जातं, हे मला वृद्धाश्रमाच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलंय.

तिला नाव-बिव काही नको होतं. तिला माझ्या कबुलीचं काही देणंघेणं नव्हतं. ती अजून त्या शनिवारातच आहे. तिला थंडी वाजतेय.

आता मी दर शनिवारी वर जाते. शनिवारची ड्युटी सोडली, पगार कमी झाला, चालतंय. टेगनच्या चावीत पैसे मी भरते. ती नको म्हणत होती, मी म्हटलं, दोन दिवस बसायचं भाडं समज. खोली इतकी तापवतो, की बाळ नुसत्या झबल्यावर रांगत असतं. मी भिंतीला लागून बसते. कौन्सिलने नवा कागद लावलाय, खड्डे दिसत नाहीत.

दहाला ठोके पडतात. मी हाताने उलट ठोकते. ओरडून सांगते, आई, मी आलेय, चावी आणलीय, बघ किती ऊब आहे. भिंतीला गाल लावते.

भिंत बर्फ असते.

ठोके थांबत नाहीत. चर्चच्या पाद्रींना एकदा घेऊन गेले. त्यांनी प्रार्थना केली, ठोके त्यांनीही ऐकले. जाताना म्हणाले, मला काही कळत नाही, नेरिस. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं याचं बरं वाटलं.

दुपारी ते हळू होतात. संध्याकाळी टेगन बाळाला घेऊन तिच्या आईकडे जाते आणि मी तिथे एकटी असते. रात्रभर ते खरवडणं ऐकते. रविवारी चार वाजता शेवटचा ठोका पडतो, मग मी उठते, पाठ मोडलेली असते, खाली घरी येते आणि आठवडाभर दुसऱ्यांच्या आयांना पांघरुणं घालते. त्यांच्यातली एखादी माझा हात धरून ठेवते, मग मला बाथरूममध्ये जाऊन बसावं लागतं.

पुढच्या शनिवारी दहाला ती पुन्हा सुरू करते. पहिले तीन ठोके खणखणीत असतात. आता लगेच कोणीतरी येईल, अशा खात्रीने दिलेले.